मूळव्याधीची दोन घराणी

माणसाच्या दुखण्यांतही उच्चनीच भेद आहे. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह ही मंडळी वरच्या पंगतीतली. त्यांचा उल्लेख चारचौघांत, चहाच्या पेल्याबरोबर आणि किंचित अभिमानानेही करता येतो. ‘मला डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली आहे,’ असे सांगणाऱ्या गृहस्थांना लोक अदबीने खुर्ची पुढे करतात. पण ज्या दुखण्यात खुर्चीवर बसणे हीच मोठी शिक्षा, त्याचे नाव मात्र कोणी काढत नाही. ते दुखणे म्हणजे मूळव्याध. नाव काढलेच तर ऐकणारा प्रथम हसतो आणि मग स्वतःच्या आसनावर हळूच जरा सरकून बसतो. त्या सरकण्यातच सारे आले!

चिनी लोकांत एक म्हण आहे : दहा माणसे असतील तर नवांना मूळव्याध. म्हण ही काही शिरगणती नव्हे. तरीपण जी व्याधी म्हणीत जाऊन बसली ती घरोघर असली पाहिजे, एवढे अनुमान काढायला हरकत नाही. आणि दिवाळीच्या दिवसांत तर हा विषय अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही. चकली, शेव, चिवडा आणि पाठोपाठ करंज्या. चार दिवस पालेभाजीचे दर्शन नाही, पाण्यापेक्षा चहा जास्त आणि बसल्या बैठकीला पत्त्यांचे डाव! ह्या साऱ्याचा हिशोब शरीर कोठे तरी मागणारच.

मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक मॅट्रिक शाळामास्तर आहे. पण इतिहास चाळता चाळता माझ्या ध्यानात आले की, राजेरजवाड्यांच्या लढायांइतकाच ह्या क्षुद्र समजल्या गेलेल्या दुखण्याचा इतिहासही माणसाविषयी पुष्कळ काही सांगतो. पूर्वेला चीन आणि पश्चिमेला ग्रीस, ह्या दोन देशांतल्या वैद्यांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नसताना शरीराच्या ह्याच एका कोपऱ्याशी झुंज घेतली. गाण्यात घराणी असतात तशी ही वैद्यकाची दोन घराणी. राग एकच, पण मांडणी निराळी. आणि गंमत अशी की, पुष्कळदा दोघेही त्याच समेवर येतात.

*

आरंभ चीनकडून करू. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात च्वांग-त्सू नावाचा एक विलक्षण तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या नावावरच्या ग्रंथात एक कथा आहे. सुंग राज्याचा त्साओ शांग नावाचा गृहस्थ छिन देशाच्या राजाकडे वकिलातीवर गेला. जाताना दोनचार रथ होते, येताना राजाने खूश होऊन शंभर रथ दिले. तो तोऱ्यात परत आला आणि अरुंद गल्लीत वहाणा विणून पोट भरणाऱ्या च्वांग-त्सूपुढे बढाई मारू लागला. तत्त्वज्ञाने शांतपणे सांगितले, की छिनचा राजा आजारी पडला की वैद्यांना बोलावतो. जो त्याचे गळू फोडतो त्याला एक रथ मिळतो, आणि जो त्याची मूळव्याध चाटून बरी करतो त्याला पाच. उपचार जितका खालचा तितके रथ जास्त. तेव्हा गृहस्था, तू तिथे काय करून आलास?

खुशामतखोरांच्या मुस्कटात इतकी सणसणीत चपराक क्वचितच कोणी मारली असेल. पण कथेतला उपहास बाजूला ठेवला तर एक गोष्ट उरते : त्या काळी मूळव्याधीचा इलाज करणारे वैद्य होते, राजालाही त्यांची गरज पडे, आणि त्या कामाला समाज हलके समजत असे. ह्या तीनही गोष्टी पुढे दोन हजार वर्षे तशाच राहिल्या.

ते वैद्य नेमके करीत काय, हे कळायला १९७३ साल उजाडावे लागले. हूनान प्रांतातल्या चांगशा शहराजवळ मावांगद्वे येथे एका सरदार घराण्याच्या थडग्यांचे उत्खनन चालले होते. त्यांतले तिसऱ्या क्रमांकाचे थडगे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केलेले. त्यात एका लाखेच्या पेटीत रेशमावर लिहिलेल्या पोथ्या निघाल्या. त्यांपैकी एका वैद्यकाच्या पोथीला आज ‘बावन्न रोगांवरील उपाय’ म्हणतात. त्या बावन्न रोगांत मूळव्याध मानाने बसलेली आहे. तीही एक नव्हे, तिचे ‘नर’ आणि ‘मादी’ असे प्रकार पाडून!

त्यातला एक उपाय असा : कोंब बोराएवढा किंवा बोराच्या आठळीएवढा असेल तर त्यावर लहानसे शिंग लावून तो ओढून घ्यावा. किती वेळ? दोन मापे तांदूळ शिजायला लागेल तितका. घड्याळ नव्हते, पण चुलीवरचा भात होता. मग कोंबाला बारीक दोरीने आवळून बांधावे आणि सुरीने छेद द्यावा. कोंब आत दडलेला असेल तर त्याहून अचाट युक्ती. कुत्र्याचा मूत्राशय घेऊन त्यात वेळूची नळी घालायची, तो आत सरकवायचा, नळीतून फुंकून फुगवायचा आणि हळूच बाहेर ओढायचा. त्याबरोबर आतला भाग बाहेर येतो. मग सुरीने तो काढून वर एका पिवळ्या मुळीची पूड लावायची. आजच्या शस्त्रवैद्याला रबरी फुग्याच्या नळ्या ठाऊक आहेत. बावीसशे वर्षांपूर्वी कोणा अनामिकाने तीच कल्पना कुत्र्याच्या मूत्राशयावर लढवली, हे वाचून मी तरी क्षणभर पुस्तक मिटून बसलो.

*

आता पश्चिमेला जाऊ. तिकडेही परंपरा जुनी आहे. प्राचीन मिसरात राजाच्या पदरी जे वैद्य असत, त्यांतल्या काहींना चक्क ‘गुदाचा रक्षक’ अशी पदवी असे आणि ती थडग्यावर कोरली जाई. आपल्याकडे रावबहादूर होते, तिकडे हे होते!

ग्रीकांचा हिपॉक्रेटीस हा पाश्चात्त्य वैद्यकाचा आदिपुरुष. त्याच्या परंपरेत, इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास, मूळव्याधीवर एक छोटेखानी स्वतंत्र पुस्तिका लिहिली गेली. तिच्यातला मुख्य उपाय अग्नी. वीतभर लांबीच्या सातआठ लोखंडी सळ्या तापवून लाल कराव्यात, रोग्याला उताणे निजवावे आणि कोंब वाळेपर्यंत डागावेत. माणसांनी त्याचे हात व डोके धरून ठेवावे, पण त्याला ओरडू द्यावे. कारण ओरडल्याने तो भाग आणखी बाहेर येतो. वैद्याच्या शास्त्रात रोग्याच्या किंकाळीलाही असे उपयुक्त स्थान दिलेले मी दुसरीकडे कोठे वाचलेले नाही. मग जखमेवर पाचसहा दिवस शिजवून वाटलेल्या मसुरीचा लेप. आगीनंतर निदान घरगुती लेप तरी!

ह्याच ग्रीकांना दोऱ्याने बांधण्याची युक्तीही ठाऊक होती. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिन भाषेत लिहिताना जवसाच्या तागाचा दोरा आवळून कोंब काढण्याची कृती दिली आहे. म्हणजे चांगशाची दोरी आणि रोमचा दोरा, हे एकमेकांच्या गावीही नसताना एकाच गाठीत बांधलेले!

पण हात एक असले तरी डोकी निराळी होती. खरा इतिहास इथे आहे.

ग्रीकांच्या मते शरीरात चार रस असतात. त्यांतला काळ्या पित्ताचा रस साचला की शरीर तो कोठून तरी बाहेर टाकते, आणि मूळव्याधीतून वाहणारे रक्त ही त्या टाकाऊ रसाची मोरी होय. म्हणून जुनी मूळव्याध बरी करताना सगळे कोंब काढू नयेत, एक तरी वाहता ठेवावा, नाहीतर जलोदर किंवा क्षय होण्याची भीती, असा त्यांचा इशारा होता. ह्या कल्पनेचे आयुष्य किती लांब असावे? जर्मन भाषेत मूळव्याधीला ‘सोनेरी शीर’ म्हणत. अठराव्या शतकाच्या आरंभी श्टाल ह्या नामांकित वैद्याने ह्या रक्तस्रावाच्या उपकारकतेवर पाने खर्ची घातली. स्राव थांबला तर तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून त्या नाजूक जागी जळवा लावीत. रोगी वेदनेने तळमळतो आहे आणि वैद्य म्हणतो आहे, ‘महाराज, आपण भाग्यवान!’

चिनी वैद्याने हे ऐकले असते तर कपाळाला हात लावला असता. त्याच्या लेखी रक्त हा ठेवा. तो झिरपून जाणे म्हणजे घराला गळती लागणे. ‘पीत सम्राटाचा अंतर्ग्रंथ’ हा चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ. त्यात मूळव्याधीचे कारण एका वाक्यात आटोपले आहे. पोट तडस लागेपर्यंत खाल्ले की शिरा व स्नायू सैल पडतात, आतड्यात बिघाड होतो आणि त्यातून मूळव्याध होते. (फराळाच्या ताटावर बसलेल्या वाचकांनी हे वाक्य दिवाळी उलटल्यावर वाचले तरी चालेल.) इ. स. ६१० मध्ये चाओ युआनफांग ह्या राजवैद्याने रोगांची कारणे सांगणारा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात मूळव्याधीचे पाच मुख्य प्रकार आले, शिवाय दारूने होणारी आणि चित्तक्षोभाने होणारीही आली.

पुढील शतकांत ह्याचे एक शास्त्रच झाले. दमट उष्णता खाली उतरली, वारा आतड्यात शिरला, रक्त साकळले, किंवा शरीराला वर उचलून धरणारी प्राणशक्ती खचली, ह्यांपैकी कोणते कारण आहे ते नाडी व जीभ पाहून ठरवायचे आणि तसा काढा द्यायचा. उष्णता असेल तर ह्वाय नावाच्या झाडाच्या कळ्या आणि तीयू नावाची मुळी. त्याही पुष्कळदा भाजून काळ्या केलेल्या, कारण कोळसा रक्त थांबवतो असा अनुभव. शक्ती खचून कोंब बाहेर पडत असतील तर ली तुंग-युआन (११८०–१२५१) ह्या वैद्याचा ‘शक्ती वर उचलणारा’ काढा. आणि सुया! पोटरीच्या मध्यावर, गोळा संपतो तिथे एक बिंदू आहे. मूळव्याधीसाठी तिथे सुई टोचतात. पोटरीचा तिकडे काय संबंध? चिनी वैद्य सांगतो, की पाठीवरून पायाकडे जाणाऱ्या प्राणमार्गाची एक शाखा गुदाकडे वळते. आणखी एक बिंदू डोक्याच्या टाळूवर आहे. खाली घसरलेले वर ओढायचे तर दोरी शेंड्याला बांधायला नको का!

शस्त्रक्रियेच्या मेजावर दोघे शेजारी शेजारी उभे राहिले असते तर त्यांनी एकमेकांची गाठ ओळखली असती. बोलायला लागले असते तर मात्र भांडण जुंपले असते.

आपल्या सुश्रुताची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही. त्याने अर्शाचे चार उपाय सांगितले : औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. शत्रूसारखा छळतो म्हणून अर्श, अशी त्या शब्दाची फोड करतात. आणि सुश्रुताने नाकाकानांतल्या मांसकोंबांनाही अर्शच म्हटले आहे. चिनी भाषेतही नाकात वाढणाऱ्या कोंबाला ‘नाकाची मूळव्याध’ म्हणतात. हे साम्य योगायोगाचे की वाटसरूंबरोबर आलेले, ह्याचा निवाडा पंडितांनी करावा.

*

युरोपच्या मध्ययुगात वैद्यांवरचा विश्वास उडाला आणि संतांवरचा वाढला. सातव्या शतकात आयर्लंडहून फ्रान्समध्ये आलेला फियाक्र नावाचा एक साधू होता. मो गावाच्या बिशपने त्याला सांगितले, की एका दिवसात जेवढ्या जमिनीला चर खणशील तेवढी तुझी. म्हणतात, की त्याच्या काठीच्या नुसत्या स्पर्शाने चर पडत गेला. एका बाईने ‘हा चेटक्या आहे’ अशी चुगली केली. साधू खिन्न होऊन एका दगडावर बसला, तर दगडच मऊ झाला आणि त्यात खळगा पडला. त्या खळग्यात बसल्याने मूळव्याध बरी होते, अशी श्रद्धा शतकानुशतके चालली. फ्रान्समध्ये ह्या दुखण्याला ‘संत फियाक्रची व्यथा’ असेच नाव पडले. हाच संत माळ्यांचाही पाठीराखा. आणि पॅरिसमध्ये त्याच्या नावाच्या खाणावळीपाशी भाड्याच्या घोडागाड्या मिळत, म्हणून त्या गाडीलाही ‘फियाक्र’ म्हणू लागले. च्वांग-त्सूच्या कथेतले रथ इथेही मूळव्याधीच्या मागे लागलेच!

ह्या व्याधीची थोरली बहीण म्हणजे भगंदर. दोन्ही रोग निराळे, पण लोक आजही त्यांची गल्लत करतात, म्हणून एक परिच्छेद तिच्यासाठी. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भगंदरावर फेलिक्स ह्या शस्त्रवैद्याने शस्त्र चालवले. त्याआधी त्याने पॅरिसच्या गोरगरीब रोग्यांवर हात बसवून घेतला होता. राजा बरा झाला, फेलिक्सला जमीन, पैसा व मान मिळाला, आणि म्हणतात, की दरबारात ‘आम्हालाही तेच झाले आहे’ असे मिरवण्याची टूम निघाली. ज्या गरिबांच्या अंगावर हा हात तयार झाला त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. चीनमध्ये ह्याच रोगावर तोवर औषधी दोरा चालत होता. १५५६ सालच्या एका विस्तृत चिनी ग्रंथात, दोऱ्याला शिशाचे वजन लोंबकळत ठेवावे म्हणजे तो रोज थोडा थोडा कापत उतरतो आणि मागे मांस भरत येते, अशी कृती आहे. हिपॉक्रेटीसच्या परंपरेत घोड्याच्या केसाने गुंडाळलेला दोरा आहे, सुश्रुताकडे क्षारसूत्र आहे. त्या क्षारसूत्राला विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. देशपांडे ह्यांनी पुन्हा चालना दिली आणि आज ते देशभर वापरले जाते.

मूळव्याधीपुरता चिनी दोरा कसा होता, ते छन शिकुंग ह्या वैद्याच्या १६१७ सालच्या शस्त्रवैद्यकाच्या ग्रंथात दिले आहे. एका विषारी फुलाच्या आणि कोळ्याच्या जाळ्याच्या काढ्यात पांढरा बारीक दोरा उकळायचा आणि कोंबाच्या मुळाशी आवळायचा. रोज थोडी गाठ घट्ट करायची. काही दिवसांनी कोंब वाळून गळून पडतो. दुसरा उपाय त्याहून भयंकर : सोमलाची पूड लावून कोंब जाळणे. गुण येई, पण सोमल तो सोमलच. कोंबाबरोबर रोगीही जाण्याची धास्ती. विसाव्या शतकात चिनी वैद्यांनीच सोमल वगळून ही कृती सुधारली.

*

एकोणिसाव्या शतकात पश्चिमेने वेग घेतला. १८३५ साली फ्रेडरिक सामन ह्या शस्त्रवैद्याने लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावर अवघ्या सात खाटांचा दवाखाना काढला. गुदरोगांनी पिडलेल्या गरिबांसाठी तो होता आणि तसे त्याच्या नावातच लिहिलेले होते. १८४१ मध्ये ह्याच सामनने कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या भगंदरावर शस्त्रक्रिया केली. तीही भूल नसताना, कारण ईथरची भूल यायला आणखी पाच वर्षे होती. कादंबरीकारांची आसने ही नेहमीच संकटात असतात, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. सामनचा दवाखाना १८५४ मध्ये नव्या इमारतीत गेला आणि सेंट मार्क्स रुग्णालय ह्या नावाने जगप्रसिद्ध झाला. आधुनिक काळातली सर्वांत जास्त चाललेली मूळव्याधीची शस्त्रक्रिया, मिलिगन व मॉर्गन ह्यांची, १९३७ मध्ये ह्याच रुग्णालयातून बाहेर आली.

त्याच सुमारास दुसरी एक वाट निघाली होती. १८६९ मध्ये डब्लिनच्या मॉर्गन नावाच्या वैद्याने कोंबात औषध टोचून तो सुकवण्याचा प्रयोग केला. दोनच वर्षांनी अमेरिकेत इलिनॉयच्या मिचेल नावाच्या डॉक्टरने तेलात कार्बोलिक आम्ल मिसळून तेच केले. पण त्याने कृती गुप्त ठेवली आणि फिरत्या भोंदूंना विकली. ते गावोगाव हिंडून सुया टोचीत आणि पुढच्या गावी पसार होत. तिकडे चीनमध्येही सोमलाच्या व दोऱ्याच्या कृती घराण्याघराण्यांत बापाकडून मुलाकडे गुपचूप जात. जिथे रोगी लाजतो तिथे वैद्याला गुपिताचा धंदा करता येतो, हा नियम दोन्ही देशांना सारखाच लागू पडला.

विसाव्या शतकात मात्र दोन्ही घराण्यांची देवाणघेवाण सुरू झाली. १९६३ मध्ये अमेरिकेत बॅरनने लहानशा यंत्राने कोंबाच्या मुळाशी रबराचे कडे बसवण्याची पद्धत रूढ केली. रक्तपुरवठा तुटतो आणि कोंब गळतो. मावांगद्वेच्या दोरीचे हे रबरी रूप! १९७५ मध्ये टॉमसन ह्या इंग्रज शस्त्रवैद्याने दाखवून दिले, की ज्यांना आपण रोग समजतो त्या रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येक निरोगी माणसाला जन्मतःच असतात. दार घट्ट मिटायला त्यांचा उपयोग होतो. कुंथून कुंथून त्यांचा आधार ढिला पडला आणि त्या घसरल्या, की त्यांची मूळव्याध होते. खाली घसरलेले वर टिकवायचे, ही चिनी वैद्याची जुनी भाषा इथे इंग्रजीत अवतरल्यासारखी वाटते. प्राणशक्तीचा सिद्धान्त त्यामुळे खरा ठरत नाही, पण रोग्याकडे पाहणारी नजर पक्की होती एवढे खास.

उलट बाजूने, बीजिंगच्या क्वांगआनमन रुग्णालयातले शी चाओ-छी ह्यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात टोचण्याची पाश्चात्त्य रीत उचलली आणि औषध आपल्या परंपरेतले घेतले : तुरटी आणि मायफळातले तुरट द्रव्य टॅनिन. तुरट पदार्थ सैल पडलेले आवळतो, हे सूत्र जुने, सुई नवी. २००५ पासून जपानात त्याचीच सुधारलेली आवृत्ती डॉक्टर वापरू लागले. आणि ह्वाय झाडाच्या त्या कळ्या? त्यांत रुटिन नावाचे द्रव्य विपुल असते. त्याच कुळातली द्रव्ये युरोपात शिरांच्या विकारावर गोळ्यांच्या रूपाने विकली जातात, आणि त्यांचा मूळव्याधीत उपयोग होतो असे चाचण्यांच्या मोठ्या आढाव्यात दिसले आहे. पण खुद्द चिनी काढ्यांच्या चाचण्यांचा तसाच आढावा २०१० मध्ये घेतला, तेव्हा भरवशाचा पुरावा हाती लागला नाही. जुने म्हणून सोने नव्हे आणि जुने म्हणून टाकाऊही नव्हे. पारखून घ्यावे लागते.

आणि सगळ्यांत साधा उपाय? कोंडा, भाजी, पाणी. आफ्रिकेत पुष्कळ वर्षे काम केलेल्या डेनिस बर्किट ह्या डॉक्टरने गेल्या शतकाच्या आठव्या दशकात पाश्चात्त्यांना बजावले, की तुमच्या चोथाविरहित पांढऱ्या पावात तुमची अर्धी दुखणी आहेत. मूळव्याधीपुरता त्याचा पडताळाही आला आहे : चोथा वाढवल्याने रक्त जाण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते. आपल्या घरातले इसबगोल त्यासाठी जगभर जाते. आपल्याकडे सुरणाला संस्कृतात ‘अर्शोघ्न’ म्हणतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

*

हा सारा इतिहास मी का उगाळत बसलो, त्याला एक कारण आहे.

आमच्या शाळेत एक वडीलधारे शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. वर्गात तास तास उभे राहणारा हा माणूस शिक्षकांच्या खोलीतही बसत नसे. एकदा मी विचारले, तर म्हणाले, “अहो, उष्णता आहे. दुसरं काय! ताक पितोय.” रक्त जात होते, हे त्यांनी वहिनींनाही सांगितले नव्हते. बाजारातल्या एका ‘बिनशस्त्र’ इलाजवाल्याकडून दोन वर्षे पुड्या आणल्या. त्याने एकदाही तपासले नाही. अण्णांनाही ते बरेच वाटले असावे. शेवटी घेरी येऊन पडले तेव्हा त्यांना मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरने दोन मिनिटांत बोटाने तपासून सांगितले, की ही मूळव्याध नव्हे. आतड्याचा कर्करोग होता आणि तो पुढे गेला होता. अण्णा त्या वर्षीची दिवाळी पाहू शकले नाहीत.

वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, लाजेनं गेला हो माणूस.”

त्या वाक्याने मला ह्या पुस्तकांकडे ढकलले. चाळीशी उलटल्यावर पडणारे रक्त, नव्याने बदललेली शौचाची सवय, विनाकारण घटणारे वजन ह्यांना ‘उष्णता’ म्हणून गप्प बसवू नये, डॉक्टरला दाखवावे. मूळव्याधच निघाली तर पूर्वेचे आणि पश्चिमेचे मिळून उपाय पुष्कळ आहेत, आणि आज त्यांत ना तापलेली सळई आहे ना सोमल. बहुतेकांना तर ताटातला पाला आणि तांब्यातले पाणी वाढवून, आणि शौचाला वर्तमानपत्र घेऊन न बसताच आराम पडतो.

च्वांग-त्सूच्या कथेतला वैद्य थट्टेचा विषय झाला. लाळघोट्याची थट्टा योग्यच होती. पण चांगशाच्या पोथीत भात शिजेपर्यंत शिंग धरून बसलेला तो अनामिक, गरिबांसाठी सात खाटा मांडणारा सामन, किंवा अण्णांना दोन मिनिटांत खरे सांगणारा तो तरुण डॉक्टर, ह्यांनी जिकडे पाहायला जग लाजते तिकडे पाहिले. त्यांना रथ मिळाले नाहीत. मिळायला हवे होते, आणि पाचांहून अधिक.

असो. चकली घ्या वाचकहो, पण एकच. आणि जेवणात कोशिंबीर विसरू नका. घरात कोणी वडीलधारे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहताना दिसले, तर हसू नका. त्यांना जवळ बसवून विचारा.